डिस्कताईचे अकरा सेकंद

आमच्या गल्लीत दोन दुकानांच्या मधे एक प्लायवुडची भिंत आहे. तिच्या अलीकडे मी चाव्या बनवतो आणि पलीकडे डिस्कताई बसते. आधीच सांगून टाकतो, मी काही भिंतीला कान लावून ऐकत नाही. प्लायवुडच पातळ आहे, त्याला मी काय करणार?

ताईचं काम असं. कोणाच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क पडते, भिजते, नाहीतर एखाद्या कुत्र्याच्या तावडीत सापडते, आणि मग त्यातले फोटो, पत्रं, काही म्हणजे काही उघडत नाही. असा माणूस तोंड पाडून ताईकडे येतो. ताई डिस्कला वीज जोडते आणि खरा डॉक्टरी स्टेथोस्कोप तिच्या पाठीला लावते. ऐकते. मग निदान सांगते. "हिला उचकी लागलीय." "ही घोरतेय." किंवा "ही बोलायलाच तयार नाही, रुसलीय." माणूस घाबरून विचारतो, "वाचेल का हो?" ताई म्हणते, "तिचं काही खरं नाही. पण पोटातलं काढता येईल."

हे हात तिला वडिलांकडून मिळाले. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. चिमटा हातात असेपर्यंत श्वास घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम ताई नऊ वर्षांची असल्यापासून पाळते. परिणाम असा झाला की भाजी चिरतानाही ती श्वास रोखून धरते, आणि गवार असली की घरच्यांना काळजी वाटते.

हार्ड डिस्कचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धूळ. आतल्या चकत्या आरशासारख्या असतात, त्यांच्यावरून वाचणारं टोक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून फिरतं. धुळीचा एक कण मधे आला की संपलं. आता अशा बाईने लग्न कोणाशी करावं? तर बेकरीवाल्याशी. तो बिचारा रोज दुपारी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन घरी येतो. ताईने जिन्याच्या शेवटच्या पायरीवर खडूने रेघ मारून ठेवलीय. तिथे तो हात वर करून उभा राहतो आणि ताई ब्रशने त्याला झाडून काढते. सासूबाई वरून बघत असतात. "माझ्या पोराला घोड्यासारखा खरारा करते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. सुनेचं काम त्यांना नीटसं कळलेलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, "डबे उघडून देते. हल्ली लोकांना डबेसुद्धा उघडता येत नाहीत."

माझ्याशीही तिचा एक करार आहे. डिस्क उघडायची वेळ आली की ती भिंतीवर दोनदा टकटक करते. मग मी चावी कापायचं मशीन बंद करतो, कारण पितळेचा भुगा उडतो आणि भिंत थरथरते. पुन्हा टकटक होईपर्यंत मी रिकामा. रिकामा माणूस काय करणार? ऐकतो.

तर एका सोमवारी सकाळी दोघे भाऊ आले. थोरले निवृत्त प्लंबर, धाकटे निवृत्त चित्रकलेचे मास्तर. दोघांनी मिळून एकच डिस्क धरली होती. म्हणजे अक्षरशः, एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या. दारातून आत येताना दोघांना तिरकं व्हावं लागलं.

"खाली ठेवा," ताई म्हणाली.

"हा ठेवेल तेव्हा मी ठेवीन," थोरले म्हणाले.

"दादा, मी कधीचा ठेवतोय, तूच ओढतोयस."

ताईने ती दोघांच्या हातातून काढून घेतली आणि स्टेथोस्कोप लावला. टक्. टक्. टक्. मग शांतता. पुन्हा टक्, टक्, टक्.

"पडली ना ही?"

"याने पाडली," दोघे एकदम म्हणाले.

मग सगळी कहाणी बाहेर आली. एक्कावन्न वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांकडे एक पोपट होता. एके सकाळी पिंजऱ्याचं दार उघडं सापडलं आणि पोपट गेलेला. वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन्ही मुलांना समोर उभं करून विचारलं, कडी कोणी काढली? थोरले म्हणाले मी नाही, धाकटे म्हणाले मी नाही. "म्हणजे एक जण खोटं बोलतोय," वडील म्हणाले, आणि तो विषय तिथेच पडला. पडला म्हणजे संपला नाही. थोरल्यांच्या लग्नात तो निघाला. धाकट्यांच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वेळी, स्ट्रेचरवर, निघाला. वडील गेले तेव्हा शेजारच्यांच्या देखत निघाला.

आई मात्र गप्प होती. शेवटी ऐंशी वर्षांची झाली तेव्हा तिने धाकट्यांच्या मुलीला कॅमेरा लावून द्यायला सांगितलं आणि खोलीचं दार बंद करून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाली, "पोपटाचं काय ते सांगून ठेवलंय. मी गेल्यावर बघा. दोघांनी एकत्र बसून बघायचं, नाहीतर मी वरून बघून घेईन." मुलीने तो व्हिडिओ या डिस्कवर ठेवला. पुढे आई गेली. त्यानंतर कोणाच्या घरी बसून बघायचं हे ठरायला आठ महिने लागले. शेवटी थोरल्यांचं घर ठरलं, थोरले डिस्क न्यायला आले, आणि जिन्यात देता-घेता ती चार पायऱ्या खाली गेली.

"याने नीट धरली नाही."

"याने वेळेआधी सोडली."

ताई म्हणाली, "वाचणारं टोक मोडलंय. बदलावं लागेल. त्यासाठी हुबेहूब अशीच दुसरी डिस्क हवी. कंपनी तीच, मॉडेल तेच, पाठीवरचा हा आकडासुद्धा तोच. ती तुम्ही शोधून आणा. ही माझ्याकडे राहील."

"कोणाच्या नावावर?" थोरल्यांनी विचारलं.

ताईने पावतीवर लिहिलं: पोपट.

पुढचे तीन आठवडे दोघे डिस्क शोधत हिंडले. एकट्याने शोधलेली डिस्क दुसऱ्याला मान्य होणार नाही म्हणून जोडीनेच हिंडले. रोज संध्याकाळी ताईला येऊन सांगायचे, आज काय मिळालं नाही. मधल्या वेळात माझ्या दुकानात बसायचे, कारण मी कड्या-कुलपांतला जाणकार. धाकट्यांनी मला पिंजऱ्याच्या कडीचं चित्र काढून दाखवलं, सावल्यांसकट. "सांगा, अशी कडी नुसत्या धक्क्याने उघडेल?" थोरले म्हणाले, "चित्र चुकलंय. कडीचा आकडा उलटा होता." मास्तरांनी चाळीस वर्षं शिकवलेल्या चित्रकलेची शपथ घेतली. मी म्हणालो, पोपट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

शेवटी डिस्क सापडली ती कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे, एक्सरेच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. बाईंनी धाकट्यांकडे बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. मास्तरांची एक किडलेली दाढ त्या आठ वर्षांपासून काढायला बोलावत होत्या, आणि मास्तर त्यांना बघून रस्ता बदलत होते.

"डिस्क घेऊन जा," बाई म्हणाल्या, "पण आधी दाढ द्या."

मास्तर पळणार होते. थोरल्यांनी त्यांचा दंड धरला. "पोपटासाठी," ते म्हणाले.

त्याच दिवशी अकरा वाजता दोघे ताईकडे हजर. एकाच्या हातात डिस्क, दुसऱ्याच्या तोंडात कापसाचा बोळा. ताईने भिंतीवर टकटक केली, मी मशीन बंद केलं आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ताईने केस बांधले, टोपी घातली, हातमोजे चढवले आणि काचेच्या पेटीत हात घातले. ही पेटी तिने स्वतः बनवलीय, आत गाळलेली हवा फिरत असते.

थोरले बाकावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "कडी तूच काढली होतीस."

"म्म्," धाकटे म्हणाले.

"म्हणजे कबूल?"

"म्म्म्!"

"अरे काहीतरी बोल की!"

मास्तरांना बोलता येईना. गाल बधिर. थोरले दहा मिनिटं एकटेच भांडले, मग त्यांचा सूर उतरला. कोणी उलट उत्तर देत नाही म्हटल्यावर माणूस किती भांडणार? शेवटी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "तुम्ही तरी काहीतरी बोला हो."

एवढ्यात दारात ताईचा नवरा उगवला. डोक्यावर गरम पावांचा ट्रे, अंगभर पीठ. बेकरीतून परस्पर आला होता, बायकोला ताजे पाव द्यावेत म्हणून. ताईने मान न वळवता नुसता वासावरून ओळखला.

"थांबा! हलू नका!"

तो उंबऱ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर असा थांबला.

"श्वास?" त्याने विचारलं.

"हळू घ्या."

ताईच्या चिमट्यात तेव्हा ते वाचणारं टोक होतं, डाळीच्या दाण्याहून लहान. पंचवीस मिनिटं नवरा तसाच उभा. त्याच्या डोक्यावरचा ट्रे थोरल्यांच्या अगदी हाताशी आला होता. त्यांनी तिथून दोन पाव उचलून खाल्ले. धाकट्यांनी अत्यंत दुःखी नजरेने ते बघितलं.

मग ताईने झाकण लावलं, स्क्रू पिळले, वीज जोडली आणि स्टेथोस्कोप कानाला लावला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"फिरतेय," ती म्हणाली. "गुणगुणतेय."

नवऱ्याने ट्रे खाली ठेवला आणि उंबऱ्यावरच मटकन बसला. सगळीकडे पीठ उडालं.

डिस्कमधलं सगळं एका नव्या डिस्कवर उतरवून घ्यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ताईने दोघांना एकाच बाकावर बसवलं आणि व्हिडिओ लावला. मीही गेलो. बोलावलं नव्हतं, पण हाकललंही नाही.

पडद्यावर आई आली. छोटीशी, खुर्चीत मावूनही जागा उरलेली. कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्या तीन पायांकडे बघून बोलत होती. सत्तावीस मिनिटं पोपटाचं नावच नाही. गुडघे किती दुखतात. थोरल्यांनी बसवलेला स्वयंपाकघरातला नळ बसवल्या दिवसापासून गळतोय, पण त्याला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. मास्तरांनी काढलेलं तिचं चित्र तिच्यासारखं दिसत नाही, त्यांच्या काकांसारखं दिसतं. दोघे भाऊ खाली मान घालून ऐकत होते. मग ती म्हणाली:

"आता त्या पोपटाचं. तोंडावर सांगायची मला लाज वाटते, म्हणून असं सांगते. पन्नास वर्षं एकमेकांच्या उरावर बसलात. तर ऐका. पिंजरा उघडला तो..."

पडदा हिरवा झाला. सगळीकडे हिरवे चौकोन, आणि खर्र असा आवाज. बरोब्बर अकरा सेकंद. मग आई पुन्हा आली.

"...म्हणून सांगते, आता पुरे. आणि दारामागची काळी छत्री शेजारच्यांची आहे, परत द्या."

व्हिडिओ संपला.

थोरले उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. धाकट्यांचा गाल आता ठीक होता, तरी त्यांनी तो हाताने धरला. ताई पडद्याकडे अशी बघत होती, जणू कोणी तिचा अपमान केलाय.

"पडताना टोक चकतीवर घासलंय," ती म्हणाली. "नेमकं तिथेच ओरखडा आहे. मला चार दिवस द्या."

त्या चार दिवसांत ताईचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. खरवडलेल्या जागेवरून ती ते टोक पुन्हा पुन्हा फिरवत होती, कधी सरळ, कधी उलट्या बाजूने, कधी अगदी सावकाश. डिस्कला हजार वेळा विचारलं तर एकदा उत्तर मिळायचं, तेही अर्धं. सासूबाईंनी घरी जाहीर केलं की या डब्याचं झाकण फारच घट्ट आहे.

दुसऱ्या दिवशी थोरले एकटेच आले. इकडेतिकडे बघून बसले.

"ताई, तो तुकडा नाही निघाला तरी चालेल बरं का."

"का हो?"

ते टोपी फिरवत म्हणाले, "त्या सकाळी दाणे मीच घातले होते. कडी लावली की नाही, आठवत नाही. एक्कावन्न वर्षं आठवतोय. आठवत नाही."

तिसऱ्या दिवशी धाकटे आले, एकटेच.

"ताई, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका. राहू दे तो भाग."

"का हो मास्तर?"

"त्या सकाळी मी त्याचं चित्र काढत होतो. गज मधे येत होते, म्हणून दार जरा उघडलं होतं. परत लावलं. म्हणजे लावलं असावं."

ताई दोघांनाही एकच म्हणाली, "मी काढायला घेतलंय ते काढणारच." पण संध्याकाळी कुलूप लावताना मला म्हणाली, "चावीदादा, दोघांपैकी एकाची झोप जाणार." मी म्हणालो, मला काहीच माहीत नाही. तिने प्लायवुडकडे बघितलं, मग माझ्याकडे.

चौथ्या दिवशी दुपारी टकटक न करताच ती माझ्या दारात आली. "निघालं," म्हणाली. चित्र आलं नव्हतं, ते हिरवे चौकोन तसेच होते. आवाज आला होता. तिने स्वतः ऐकला नव्हता. गिऱ्हाइकाचं आधी ऐकायचं नाही, असा तिचा नियम आहे. नुसत्या रेषा बघून ती सांगते की इथे कोणीतरी बोलतंय.

भाऊ आले. दोघांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. ताईने बटण दाबलं, आणि हिरव्या चौकोनांमागून आईचा आवाज आला:

"...मीच. मेला माझं ऐकून 'आली अवदसा' म्हणायला शिकला होता, आणि दुसऱ्या दिवशी तुमची आत्या महिनाभर राहायला यायची होती. मी काय करणार?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे तुमचा दोघांचाही पोपट झाला." मला तिथल्या तिथे पश्चात्ताप झाला. पण धाकट्यांना हसू फुटलं, दाढेच्या जागी कळ आली म्हणून ते गाल धरून हसायला लागले, आणि त्यांना तसं बघून थोरल्यांना आवरेना. थोरले इतके हसले की त्यांना पाठीत थापट्या माराव्या लागल्या. त्या धाकट्यांनीच मारल्या, जरा जोरात.

इथे हे संपायला हवं होतं. पण रविवारी सगळं घर जमून आईचा व्हिडिओ बघणार होतं, आणि आत्याही येणार होती. एक्क्याण्णव वर्षांची, कान शाबूत. दोघे भाऊ पहिल्यांदाच एकमताने ताईकडे आले.

"ताई, तेवढे अकरा सेकंद कापून द्या."

"काय?"

"म्हणजे आत्याच्या कानावर नको."

ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "चार दिवस जेवले नाही मी त्याच्यासाठी."

"हो, फार छान काढलंत. आता काढून टाका."

ती पुटपुटली, पण तिने कापून दिलं. वर आमंत्रण मिळालं म्हणून रविवारी ती, झाडून काढलेला नवरा आणि मी, असे तिघे थोरल्यांकडे गेलो. आत्या मधल्या खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. व्हिडिओ सुरू झाला. गुडघे झाले, नळ झाला, चित्र झालं. आई म्हणाली, "तर ऐका. पिंजरा उघडला तो..." आणि पुढच्या क्षणी, "...म्हणून सांगते, आता पुरे."

"मधलं कुठे गेलं?" आत्याने विचारलं.

"डिस्क खराब झालीय, आत्या," थोरले म्हणाले.

"निघालंच नाही," धाकटे म्हणाले.

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वीस वर्षांत तिच्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं.

आत्या म्हणाली, "अरे, तिनेच सोडला तो. आधीच्या खेपांनाही मला बघितलं की 'आली अवदसा' करायचा ना. अगदी हिच्याच आवाजात. मी तर त्याला मुद्दाम पेरू द्यायचे, पुन्हा म्हणावं म्हणून. फार गोड म्हणायचा." तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? मग मला विचारायचं की."

तेवढ्यात थोरल्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळही टपटप ऐकू आला.

ताईने पर्स उघडली. तिचा आणखी एक नियम आहे, जो भावांनी विचारला नव्हता: एकदा काढलेलं ती कधीही पुसून टाकत नाही. तिने छोटा पेन ड्राइव्ह काढून जोडला. हिरवे चौकोन आले, आईचा आवाज आला. आत्या खुर्चीत मागे रेलून हसली, कवळी हातात घेऊन हसली, आणि म्हणाली, "परत लाव."

तीनदा लावलं. चौथ्यांदा लावायच्या आधी आत्याने ताईला हाताने थांबवलं, आणि ते हिरवे चौकोन नीट दिसावेत म्हणून आपला चष्मा काढून पदराने पुसून घेतला.